गुहेतला डावा हात

डोंगरावर खरी गुहा आहे आणि डोंगराच्या पायथ्याशी खोटी. खऱ्या गुहेला लोखंडी दार, दाराला दोन कुलपं, आणि संशोधक सोडले तर आत कित्येक वर्षांत कुणी गेलेलं नाही. खोट्या गुहेपुढे मात्र रोज रांग. जगाची रीतच ती, असं म्हणून सोडून देता आलं असतं, पण इथे त्याला कारण होतं. खरी गुहा माणसांच्या श्वासानं मरायला लागली होती. आतली चित्रं, म्हणजे रेडे, हरणं आणि हातांचे पंजे, हजारो वर्षं अंधारात सुखानं नांदली. मग लोकांनी एका पिढीभर आ वासून त्यांच्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात त्यांच्यावर हिरवी-काळी बुरशी चढली. कौतुकानं माणूस सुजतो, भिंत मरते, असं मिस्त्री म्हणायचे.

मग खरी बंद झाली आणि खाली एका थोरल्या शेडमध्ये तश्शी दुसरी उभी राहिली. लोखंडी सांगाडा, त्यावर तारेची जाळी, जाळीवर प्लास्टर, प्लास्टरवर रंग. आतला गारवा कोपऱ्यातल्या यंत्राचा. ठिबकणारं पाणी नळाचं. ओल्या मातीचा वासदेखील एका डब्यातून सोडलेला. तो डबा संपला की दोन-तीन दिवस गुहेला फिनेलचा वास यायचा, आणि तरी लोक डोळे मिटून म्हणायचे, "अहाहा, काय प्राचीन वास आहे!"

ही गुहा बांधणाऱ्या टोळीत मिस्त्री होते. काम झाल्यावर टोळी पांगली, हे राहिले, कारण बांधलेली गुहा रोज थोडी थोडी बिघडते. खरी बिघडायला एक पिढी लागली, हिला आठवडा पुरतो. आठवड्यातला एक वार गुहा बंद. त्या वारी मिस्त्री बादली, ब्रश आणि गेरूची पुडी घेऊन आत शिरायचे आणि लोकांनी सहा दिवसांत जे घासलं, खरवडलं, कोरलं, ते पुन्हा प्राचीन करून ठेवायचे. सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. दोघंही प्लास्टरच घालतात, एवढाच त्यातला विनोद.

इतक्या वर्षांत बघ्यांच्या तऱ्हा मिस्त्रींना पाठ झाल्या होत्या. काही कुजबुजे. ते दारातूनच आवाज उतरवतात, जणू आत कुणी आजारी आहे. काही ठोके. ते भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि आत पोकळ लागलं की घरच्यांकडे वळून, चोर पकडल्यासारखं, "पोकळ आहे!" म्हणतात. काहींचा एकच प्रश्न.

"खरी कुठंय?"

"वर आहे. बंद आहे."

"मग ही काय?"

"तिची नक्कल."

"मग आम्ही एवढ्या लांबून आलो कशाला?"

याचं उत्तर आजवर कुणाला देता आलेलं नाही.

आणि काही थोडे लोक असे, की अर्ध्या वाटेवर अंधारात ते विसरूनच जातात. आपण शेडमध्ये आहोत, बाहेर गाड्या लावल्यात, वास डब्यातला आहे, सगळं विसरतात. रेड्यासमोर उभं राहून बायकोचा हात घट्ट धरतात. मिस्त्रींची सगळी मेहनत या विसरभोळ्यांसाठी होती.

पण तऱ्हा कुठलीही असो, शेवटच्या दालनात सगळे एक व्हायचे. तिथं कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर, एक छोटा पंजा होता. भोवती सगळा गेरूचा लाल रंग आणि मधोमध हाताएवढी जागा कोरी. पूर्वीची माणसं भिंतीवर हात ठेवायची आणि तोंडात रंग घेऊन त्यावर फुंकायची. वाटाड्या तरुण रोज हे सांगायचा. त्याला सगळे पोपट म्हणत, कारण त्याचं भाषण शब्दाला शब्द ठरलेलं. "हात गेला," तो म्हणायचा, मग थांबायचा, "हाताची जागा राहिली." तो थांबा त्यानं घरी आरशासमोर बसवला होता.

थांबा वाया जायचा नाही. लोक पुढे होऊन त्या कोऱ्या जागेवर आपला पंजा ठेवायचे आणि गप्प व्हायचे. बायका म्हणायच्या, "एवढंसं पोर असेल गं." एकदा एक आडमाप गृहस्थ, जो आधीच्या तिन्ही दालनांत टकटक करत आला होता, तो तिथं हात ठेवून असा उभा राहिला, की मागच्या रांगेला ओरडावं लागलं.

ते एवढंसं पोर म्हणजे मिस्त्रींची मुलगी. चिमणी.

झालं होतं असं, की वरच्या गुहेत त्या कोपऱ्यावर चुन्याचा पांढरा थर साचला होता. मोजणीच्या यंत्राला थोडा लाल रंग आणि एका अंगठ्याचं टोक, एवढंच दिसलं. तेव्हाचे साहेब म्हणाले, पंजाच असणार, करून टाका. चिमणी त्या दुपारी बापाचा डबा घेऊन आली होती. दुसरी-तिसरीतली पोर. मिस्त्रींनी तिला कोपऱ्यात उभं केलं, "डावा हात ठेव, हलू नकोस," म्हणाले, आणि गेरूचं पाणी तोंडात घेऊन नळीतून फुंकलं. तिला गुदगुल्या झाल्या. ती फिसकन हसली आणि करंगळीची कड जरा हलली. ती हललेली कड तशीच राहिली. नखांतला लाल रंग आठवडाभर गेला नाही, तो ती शाळेत सगळ्यांना दाखवत हिंडली.

पुढे चिमणी मोठी झाली आणि पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात लागली. यंत्राच्या दांड्यावर उजवा हात, पुठ्ठा सरकवायला डावा. एका सकाळी पातं खाली आलं तेव्हा डावा हात अजून आत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

त्या दिवसापासून त्या घरात पुठ्ठा येत नाही. चपला घेतल्या तरी खोकं दुकानातच ठेवून येतात. चिमणीची आई शिवणकाम करते. तिनं मुलीच्या प्रत्येक कपड्याला खिसा शिवला. एकच, डावीकडे. कपडा घरातला असो वा बाहेरचा, हात त्या खिशात गेला की झोपेपर्यंत बाहेर येत नसे.

हाताची सोय खिशानं झाली, पण भाषेचं काय करायचं? आपल्या भाषेत दर दुसऱ्या वाक्याला कुणीतरी तोंडात बोट घालतं, नाहीतर कुणाचीतरी करंगळी धरून चालतं. शेजारची काकू सांत्वनाला आली आणि सुनेच्या तक्रारीवर घसरली. "अहो, पाचही बोटं काही सारखी—" म्हणाली, आणि उरलेला वेळ चहाच्या कपात बघत बसली. आईनं तर म्हणी गिळायचीच सवय लावून घेतली. वाक्य सुरू करायची, मध्येच अडखळायची, भलतंच काही बोलून संपवायची. फक्त चिमणीला पथ्य नव्हतं.

"बोल गं आई, बोल. बोटांवर मोजण्याइतक्या म्हणी येतात तुला, त्यातल्या दोन कमी झाल्या समज."

मिस्त्री अशा वेळी उठून बाहेर जायचे.

जीभ अशी तिखट, पण पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. मध्ये काही दिवस ती कापडाच्या दुकानात कामाला जाऊन आली. गिऱ्हाईक कापड बघायचं सोडून खिसा बघतं, म्हणाली, आणि घरी बसली. कापड गुडघ्याखाली दाबून एका हातानं आईला काजं-बटणं करून द्यायची. खिडकीतून जगाची टिंगल करायची. बोटं गेल्याला सहा वर्षं झाली.

आणि म्हणूनच बंदच्या वारी मिस्त्री शेवटचं काम त्या पंजाचं ठेवायचे. सहा दिवसांत शेकडो तळव्यांचं तेल त्यावर बसलेलं असे. मऊ ब्रशानं ते टिपायचं, कडेला गेरूचा हलका हात द्यायचा, करंगळीची हललेली कड मात्र हललेलीच ठेवायची. या जगात त्या हाताची पाचही बोटं आता फक्त तिथं होती. याबद्दल मिस्त्री कुणाशी एक अक्षर बोललेले नाहीत. पण तो पंजा गेला असता, तर पोरीचा हात दुसऱ्यांदा गेला असता, एवढं त्यांच्या मनात पक्कं होतं.

तर तोच गेला.

गुहेचा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाईंनी एक दिवस त्यांना बोलावलं. बाई सरळ होत्या, कामाला पक्क्या, आणि त्यांना मिस्त्रींच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. टेबलावर एक मोठा फोटो होता. वरच्या गुहेतला चुन्याचा थर संशोधकांनी महिनोन्‌महिने खपून काढला होता. खाली पंजा निघाला होता. डावाच. अंगठा, दोन बोटं, आणि पुढे दोन आखूड खुंट.

"पोराचा नाही," बाई म्हणाल्या. "लहानखुऱ्या बाईचा असावा. आणि या कडा बघा. बोटं दुमडली असती तर कड अशी धारदार आली नसती. ती नव्हतीच."

मिस्त्री फोटोकडे इतका वेळ बघत राहिले, की बाईंना वाटलं यांना चष्मा लागलाय.

"मग?" मिस्त्री म्हणाले.

"मग आपला चुकीचा आहे. फोडून नवा करायचा."

"लोकांना आवडतो तो, मॅडम."

"आवडतो म्हणून खोटं दाखवायचं?"

प्लास्टरच्या गुहेला लागून असलेल्या खोलीत बसून बाई हे म्हणाल्या, आणि त्या चुकत नव्हत्या. पंचाईत तीच होती.

पुढचा महिनाभर मिस्त्रींनी जे बहाणे केले, तेवढे त्यांनी शाळेतही केले नसतील. आधी भिंत ओली निघाली. मग गेरू भेसळीचा लागला. मग पाठ धरली, सुटली, पुन्हा धरली. शेवटी बाईंनी पोपटाला मदतीला दिलं आणि एका फळीवर नमुना करून दाखवा म्हणाल्या. पोपटानं शेवटची दोन बोटं आत दुमडून हात ठेवला, मिस्त्रींनी फुंकलं. पण बोटं दुमडली की तळवा उचलला जातो, रंग खाली शिरतो, आणि कड पसरते. तीनदा केलं, तीनदा तेच.

"काका," पोपट म्हणाला, "हा तर अस्वलानं दार ढकलल्यासारखा आलाय."

मिस्त्री हसले नाहीत. पोपट आपलं बोलतच राहिला. "याला मुळात तसाच हात पाहिजे. तुमच्या घरी तर—"

आणि थांबला. आरशासमोर न बसवलेला असा हा त्याचा पहिलाच थांबा. बाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं असावं, कारण निघताना त्या मिस्त्रींपाशी आल्या.

"मी तुम्हाला काही सांगत नाहीये," त्या हळू म्हणाल्या. "फक्त, जर तिची तयारी..."

"सांगत नाही ना? मग सांगूच नका, मॅडम."

घरी जाताना मिस्त्रींनी गोदामामागे पडलेला जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलला. त्यातून हाताचा आकार कापून घ्यायचा, तो भिंतीवर धरायचा, वर रंग फुंकायचा. दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरासारखं मढं दिसेल, पण दिसू दे. कामावर पोपटाच्या डोळ्यांदेखत कापायचं नव्हतं. तुकडा शर्टाखाली लपवून ते घरात शिरले, मागच्या खोलीचं दार लोटलं, आणि पेन्सिलीनं आकार काढून कात्री चालवायला लागले.

आता माणसानं किती अडाणी असावं? सहा वर्षं ज्या घरात पुठ्ठ्याचा कपटा आला नाही, त्या घरात कर्र कर्र आवाज सुरू झाला आणि याला वाटलं, कुणाला कळायचं नाही. दार ढकलून चिमणी आत आली. जमिनीवर पुठ्ठ्याचा पंजा पडलेला. अंगठा, दोन बोटं. बाजूला कापून टाकलेली दोन.

तिनं पायाच्या अंगठ्यानं तो सरळ केला.

"बाबा, हा माझा आहे?"

"नाही गं. वरचा आहे. वरच्या गुहेतला. त्या बाईचा." आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, फोटो, धारदार कडा, मोठ्या बाई, पोपट, अस्वल.

चिमणी खाली बसली. ती कापलेली दोन बोटं उजव्या हातानं उचलून तिनं उलटीसुलटी करून पाहिली.

"म्हणजे तेव्हापण पुठ्ठ्याचा कारखाना होता वाटतं."

मिस्त्रींना हसू येईना आणि दुसरं काही येऊ द्यायचं नव्हतं.

"जुना काय करणार?" तिनं विचारलं.

"फोडायचा."

"मी तो एकदाही बघितला नाही, झाल्यापासून." कशापासून ते तिनं सांगितलं नाही. "बघायचाय मला. आणि नवा मीच देते. हा पुठ्ठा टाका बाहेर."

"चिमणे, तुला कुणी..."

"कुणी सांगायला नको. घरात ठेवून काय त्याचं लोणचं घालायचंय? तिथं निदान कुणाचा आहे ते कुणाला कळणार नाही. हजारो वर्षांपूर्वीची बाई मेली कधीच, तिला कोण विचारतंय लग्न झालं का म्हणून."

आई दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "जाऊ नकोस," ती म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

सहा वर्षांत तिनं पहिल्यांदा म्हण पूर्ण म्हटली. चिमणीनं वळून बघितलं, पण या वेळी थट्टा केली नाही.

बंदच्या वारी बापलेक दोघंच आत गेले. गारव्याचं यंत्र बंद, नळ बंद, दिवे सगळे चालू. अशा वेळी गुहा गुहेसारखी दिसत नाही, नाटक संपल्यावरच्या पडद्यासारखी दिसते. शेवटच्या दालनात चिमणी त्या पंजापुढे उभी राहिली. मग वाकली. उजव्या हाताच्या तर्जनीनं तिनं करंगळीची हललेली कड गिरवली.

"हसले होते ना मी?"

"खूप."

मिस्त्रींना तो तुकडा अख्खा सोडवून घरी न्यायचा होता. त्यासाठी त्यांनी रात्रीच्या झोपेत छिन्नी चालवून पाहिली होती म्हणा ना. पंजाच्या भोवती हातभर जागा सोडून त्यांनी चौकोन कापायला घेतला, हातोडीचे अगदी अलगद ठोके देत. पण आतली जाळी गंजली होती आणि प्लास्टर तिच्यात रुतून बसलं होतं. आधी मधल्या बोटावर बारीक रेघ उमटली. मग तळवा सुटला, त्यांनी तो झेलला, तो त्यांच्या ओंजळीत फुटला. बोटं जाळीवरून एकेक करून खाली पडली. ते गुडघ्यावर बसून ती गोळा करायला लागले. कुठलं कुठलं ते आता कळत नव्हतं.

"राहू द्या, बाबा," चिमणी म्हणाली. "बादलीत टाका."

नवं प्लास्टर बसेपर्यंत दोघं बाहेर पायरीवर बसून होते. मग आत येऊन तिनं खिशातून हात काढला, ओल्या फडक्यानं पुसला, आणि भिंतीवर ठेवला. मिस्त्रींनी तो हात इतक्या उजेडात, इतक्या जवळून कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी तोंडात रंग घेतला. पहिल्या फुंकीला ओठ जुळेनात आणि रंग हनुवटीवरून शर्टावर ओघळला. त्यांनी तोंड पुसलं, पुन्हा घोट घेतला, नळी धरली आणि फुंकलं. अंगठा. पहिलं बोट. दुसरं. मग खुंट. मग खुंटांच्या पुढची मोकळी भिंत, तीही लाल करावी लागते, नाहीतर तिथं बोटं असल्यासारखं दिसतं.

"गुदगुल्या?" त्यांनी विचारलं. उगाच.

"नाही," ती म्हणाली. "जी नाहीत त्यांना गार लागलं."

तिनं हात उचलला. कड धारदार आली होती.

मोठ्या बाई दुसऱ्या दिवशी बघून गेल्या. फोटो शेजारी धरून त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. नंतर त्यांनी पोपटाला नवं भाषण दिलं. पोपटानं ते पाठ केलं. काही जण म्हणतात रोग, काही जण म्हणतात शिक्षा, काही जण म्हणतात देवाला वाहिलेली बोटं. "नक्की काय ते कुणालाच माहीत नाही," तो म्हणायचा, आणि थांबायचा. मिस्त्री आसपास असले तर थांबा जरा आखूड घ्यायचा.

पहिल्या आठवड्यात लोक बिचकले. कुणी हात पुढे करेना. मग एका कॉलेजच्या घोळक्यातल्या कुणीतरी दोन बोटं दुमडली आणि हात पंजात बसवला. "बसला, बसला!" झालं. त्याचा फोटो कुठं कुठं फिरला कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यापासून जो तो येऊन बोटं दुमडायला लागला. रांगेत उभ्या उभ्या सराव. बापे, बाया, म्हातारे. "करंगळी खाली राहतेय हो तुमची!" "अरे, मधलं सरळ ठेव, मधलं!" जिथं पूर्वी माणसं गप्प व्हायची, तिथं आता फोटोला हसायला लागली. टकटक करणारेसुद्धा टकटक करायचं विसरून बोटं दुमडत यायचे.

मिस्त्रींनी यातलं घरी काही सांगितलं नाही. चिमणी मात्र विचारायची. "लोक काय म्हणतात?" "बघतात." "हात लावतात?" "लावतात." ती ऐकून घ्यायची, टिंगल करायची नाही. एक-दोनदा मिस्त्रींनी पाहिलं, ती खिडकीत बसून बटण लावत होती आणि डावा हात मांडीवर होता. खिशाबाहेर. आईनंही पाहिलं. दोघांनी एकमेकांना काही न बोलता ताकीद दिली, की याचा उच्चार करायचा नाही.

मग एक दिवस ती म्हणाली, "मी रांगेतून जाणार. चारचौघांसारखी."

मिस्त्रींना नाही म्हणायचं होतं. पण सहा वर्षांनी पोर आपणहून लोकांत जातेय म्हटल्यावर कुठल्या बापाच्या तोंडून नाही निघेल? ते तिच्या मागेमागे राहिले, चार माणसं सोडून, कर्मचाऱ्याचा बिल्ला काढून.

पहिल्या दालनात ती कुजबुज्यांमध्ये होती. रेड्यासमोर ती विसरली. मिस्त्रींना तिच्या पाठीवरून कळलं. खिशातल्या हाताची खांद्यापाशी आलेली ती नेहमीची गाठ सैल झाली होती. ती वर बघत होती, आणि इतकी वर्षं बापानं ज्यांच्यासाठी भिंत लिंपली त्या थोड्या लोकांत ती आता एक होती.

शेवटच्या दालनात पोपटानं तिला ओळखलं. त्याचं भाषण शिक्षेपाशी अडखळलं, तरी तो रेटून पुढे गेला. पुढे लोक बोटं दुमडत होते, फोटो काढत होते, हसत होते. रांग पुढे सरकली. तिचा नंबर आला. तिनं खिशातून हात काढला आणि भिंतीवर ठेवला.

तो बसला. कुठंही रेघभर फट नाही.

मागे एक नवरा-बायको होती. बायको कधीपासून बोटं दुमडायचा सराव करत होती आणि तिला जमत नव्हतं.

"अय्या, बघ रे!" ती नवऱ्याला म्हणाली. "ताईंनी किती मस्त दुमडली! कळतसुद्धा नाही. अहो ताई, दाखवा ना कशी दुमडलीत? माझं मधलं पण दुमडतं."

चिमणी वळली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर ते घरचं, खिडकीतलं हसू आलं. आता ही काहीतरी तिखट बोलणार, असं मिस्त्रींना वाटलं, आणि त्यांना बरंही वाटलं. पण तिनं फक्त हात वर केला. दिव्यासमोर, बोटं पसरून.

त्या बाईनं बोटं दुमडलेला हात झटकन आपल्या पोटाशी ओढून घेतला. नवऱ्यानं मोबाईल खाली केला. "सॉरी," तो म्हणाला, "सॉरी हं," आणि बायकोला धरून मागे सरला, आणि त्याच्यामागची माणसं मागे सरली, आणि त्या अरुंद दालनात चिमणीभोवती एकदम खूप मोकळी जागा झाली. मागून कुणाचातरी आवाज आला, "काय झालं? काय झालं पुढे?" आणि दुसरा, दबका, "अगं, तिला खरंच नाहीत."

भिंतीवरच्या त्याच हाताला सगळी दुनिया मिठ्या मारत होती. मिस्त्री चार माणसं ढकलून पुढे येईपर्यंत ती बाहेर पडली होती.

घरी आईच्या मशीनवर नवा कपडा होता, चिमणीचाच, निळ्या फुलांचा. आईनं या वेळी मुद्दाम खिसा कापलाच नव्हता. दोघांची तोंडं बघून काही विचारू नये, हे तिला कळत होतं, तरी तोंडून गेलं, "खिसा नको ना आता याला?"

"ठेव," चिमणी म्हणाली. "जरा खोल ठेव."

मशीन पुन्हा सुरू झालं. मिस्त्री उठून बाहेर गेले.

बंदच्या वारी ते बादली घेऊन आत शिरले तेव्हा पंजा खराब झाला होता, पण सगळीकडून सारखा नाही. अंगठा आणि दोन बोटं ठीक होती. लोकांच्या दुमडलेल्या बोटांची पेरं जिथं घासली जातात, ती खुंटांपुढची जागा पार पुसली होती. लाल उडून खालचं पांढरं प्लास्टर दिसायला लागलं होतं. लांबून पाहिलं तर तिथं दोन बोटं फुटतायत असं वाटावं.

मिस्त्रींनी बादली खाली ठेवली. मग त्यांनी गेरू कालवला, तोंडात घेतला आणि नळी धरली. तेवढ्यासाठी भिंतीवर कुणी हात ठेवायची गरज नव्हती. तिथं झाकायला काही नव्हतंच. त्यांनी फुंकलं, आणि ती जागा पुन्हा लाल झाली.